तुरीखालचा रस्ता

बाकीची माणसं काळजी करतात. दिगंबरअण्णांना काळजीनं नोकरीला ठेवलं होतं, आणि ती रविवारीही सुट्टी देत नसे.

अंगानं बघाल तर डोंगर. हुमनाबादच्या स्टँडवर ते बसची वाट बघत उभे राहिले की भालकीच्या गाडीचे निम्मे पॅसेंजर त्यांच्या सावलीला येऊन बसायचे, आणि अण्णा जरा हलले की पिशव्या उचलून सगळे त्यांच्यामागं सरकायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आवाज मात्र असा बारीक, की फोनवर लोक म्हणायचे, "ताई, जरा साहेबांना द्या की."

गाव त्यांचं मेहकर, भालकी तालुक्यातलं. हुमनाबादबाहेरच्या आमच्या डांबराच्या प्लांटवर ते मटेरियल इंजिनियर होते. खडी कुठली, डांबर किती, तापवायचं किती, हे ते ठरवणार. मी रस्त्यावरचा सुपरवायझर. प्लांटवरून गरम माल टिपरनं यायचा, पेव्हर मशीन तो अंथरायची, मागनं रोलर फिरायचा, आणि माझं काम संपायचं. अण्णांचं तिथून सुरू व्हायचं. मी अंथरलेला रस्ता मी जेवायच्या आत विसरायचो. अण्णा तोच रस्ता पोटात घेऊन घरी जायचे आणि रात्रभर त्यावरून लॉऱ्या चालवायचे.

दुसरे लोक खिशाला पेन लावतात, अण्णा लांब दांडीचा थर्मामीटर लावायचे. टिपरमधला माल किती गरम आहे ते बघायचा. पण सवय थोडीच टिपरपाशी थांबते? ढाब्यावर चहा आला की थर्मामीटर चहात. भालकीला एका लग्नात त्यांनी तो भाताच्या हंड्यात खुपसला, तेव्हा आचारी झारा घेऊन मांडवभर त्यांच्यामागं पळाला, आणि अण्णा पळता पळता त्या बारीक आवाजात ओरडत होते, "मधी कच्चा हाय! मधी कच्चा हाय!" भात खरंच मधे कच्चा निघाला. त्यामुळं आचारी जास्तच चिडला.

"आत्ता न्हाई कळायचं," हे त्यांचं कायमचं वाक्य. नवा रस्ता काचेसारखा चमकतोय, मालक खुशीत, गावकरी हार घेऊन उभे, आणि अण्णा कडेला मान हलवताहेत, "आत्ता न्हाई कळायचं." रस्त्यापुरतं असतं तर चाललं असतं. त्यांच्या मेहुणीला स्थळ आलं. मुलाकडचे येऊन पोहे खाऊन गेले. सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, जावईबापू, कसा वाटला मुलगा? अण्णा म्हणाले, "आत्ता न्हाई कळायचं. दोन पावसाळे जाऊ द्या." लग्न झालं, पोरंबाळं झाली, साडू अजून त्यांच्याशी मान वळवून बोलतो.

अशा माणसाच्या गळ्यात मालकानं जुन्या डांबराचं काम बांधलं.

झालं होतं असं, की हायवेवरचा जुना थर मशीननं खरवडून काढला, आणि तो सगळा चुरा आमच्या प्लांटच्या आवारात आणून ओतला. पूर्वी असला माल कुणी खड्ड्यात टाकायचं, कुणी शेतवाटेला. आता तो नव्या मालात मिसळून परत रस्त्यावर घालायचा होता. खडी वाचते, डांबर वाचतं. मालकाला आनंद झाला. अण्णांना ॲसिडिटी झाली.

"मोजून घालायचा की अण्णा, त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

"मोजून घालतो रे. पण डांबर उन्हातानात म्हातारं होतंय. त्यातलं तेल उडून जातंय, मग ते कडक पडतंय. थोडं घातलं तर रस्त्याला ताकद येती, भर उन्हात लॉरीच्या चाकाखाली दबत न्हाई. जास्त झालं तर रस्ता वाकायचं इसरतो आन् फुटतो. आता ह्या ढिगात कुठला खडा किती म्हातारा हाय, ते कोणाला इचारू?"

ढिगाला विचारायची सोय नव्हती. उलट ढीग रोज वाढत होता. हायवेचा माल आधी येऊन मागं पडला होता. त्याच्या पुढं, गेटच्या अंगाला, खेड्यांकडच्या रस्त्यांची खरवड येऊन पडली. ती अजून मऊ, तेलकट होती. आणि ढीग उघड्यावर म्हटल्यावर आसपासच्या गावांचे ट्रॅक्टर सुरू झाले. वॉचमन हणमंतप्पा एकटा, त्यात त्याचे सोयरे सगळ्या गावांत. कुणाकुणाला अडवणार? त्यानं डोकं चालवलं. ढिगाच्या गेटकडच्या बाजूला एक दगड ठेवला, शेंदूर फासला, उदबत्ती लावली. चोरी त्या दिवशी बंद झाली. आठवड्याभरात नारळ फुटायला लागले. हैदराबादकडचा एक लॉरीवाला क्लीनरचं लग्न जुळावं म्हणून नवस बोलून गेला, आणि क्लीनरचं लग्न जुळलं. खोटं वाटत असेल तर हणमंतप्पाला विचारा. तोही खोटंच बोलतो, पण वेगळं बोलतो.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय सांगावं, कावळा ढिगावर बसला की पाय चिकटून संध्याकाळपर्यंत तिथंच कावकाव करायचा. त्या उन्हात ढिगातलं डांबर पाझरलं आणि अख्खा ढीग चिकटून घट्ट बसला. ब्रेकर लावून, फोडून, चाळून माल काढावा लागला. अण्णा रोज सकाळी गेटकडून येत, दगडापुढं बूट काढून हात जोडत, त्याच्या बाजूनंच फावडंभर माल तपासायला घेत आणि लॅबमध्ये जात. डब्याएवढे गोल ठोकळे पाडायचे, दाबायचे, फोडायचे, किती कडक ते लिहायचं. त्या ठोकळ्यांवर त्यांनी नव्या-जुन्याचं प्रमाण बसवलं.

हा माल पहिल्यांदा पडणार होता मुडबीकडच्या रस्त्यावर. आणि ही बातमी मालाच्या आधी गावात पोचली.

मारुतीच्या पारावर गाव गोळा झालं. मालक जीपला टेकून उभे, अण्णा पुढं, मी मागं पळायच्या तयारीत. बोलायला उठली भागिरथीआक्का. रस्त्याला लागून तिचं तुरीचं रान. वय झालेलं, पण आवाज असा, की अण्णांना त्यातला निम्मा दिला असता तरी दोघांचं भागलं असतं.

"हायवेला हैदराबादच्या गाड्यांनी तुडवून टाकलेला रस्ता आमाला व्हय? उष्टं वाढायलाव काय रं आमच्या पानात?"

गाव गरजलं. अण्णांनी पिशवीतून दोन भाकरी काढल्या. एक मऊ, तव्यावरची. दुसरी आपली कडक भाकरी, पापडासारखी, महिनाभर टिकणारी. पारावर एक धनगर म्हातारा बसला होता, त्याची घोंगडी मागून घेतली आणि घडी करून ठेवली.

कडक भाकरी दगडावर ठेवून त्यांनी अंगठ्यानं दाबली. काही झालं नाही. तीच घोंगडीवर ठेवून दाबली. टचकन मोडली. मग मऊ भाकरी घोंगडीवर ठेवून दाबली. ती वाकली, पण अंगठ्याचा खळगा तसाच राहिला.

"आक्का, ही घोंगडी म्हंजी तुमच्या शिवारातली काळी माती. पावसात फुगती, उन्हात बसती. हिच्यावर लई कडक रस्ता मोडतो, लई मऊ रस्त्याला चाकाची नाली पडती. मी दोन्ही मिसळायलोय. उष्टं न्हाई हे. शिळ्या भाकरीत ताजं पीठ घालून परत थापायलोय."

"आन् परमाण चुकलं तर?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चुकणार नाही. मी तर म्हणालोच असतो, वर मारुतीची शपथ घेतली असती. अण्णा म्हणाले, "तर फुटंल."

मालकांचा चेहरा मोडलेल्या भाकरीसारखा दिसायला लागला.

"मग तुला कुटं हुडकायचं?" आक्का म्हणाली.

"हुडकू नका. मीच येतो की रोज."

गाव हसलं, आणि हसताना होकार देऊन बसलं. परतताना जीपमध्ये मालक एवढंच बोलले, "फुटंल म्हणालास ना दिगंबर? फुटला, तर रस्ता उकरून काढायचा, आणि तुझं बिऱ्हाड पण उचलायचं." अण्णांनी मान हलवली. त्यांना हे नवीन नव्हतं. त्यांनी स्वतःच स्वतःला ते आधी सांगून ठेवलं होतं.

रस्ता झाला. सुंदर झाला. मी अंथरला म्हणून सांगत नाही, पण त्यात बघून एका नवरदेवानं फेटा नीट केला. अण्णा रोज संध्याकाळी जाऊन बघायचे. आणि एक दिवस गेले, तर रस्ता गायब.

आमच्याकडं तुरीची रास रस्त्यावर करतात. कापलेली तूर झाडांसकट डांबरावर पसरायची. वरून बस, लॉरी, ट्रॅक्टर जातात, शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. खळं करायला नको, बैल फिरवायला नकोत. त्यात रस्ता नवा, गुळगुळीत. मग काय, दोन्ही अंगाच्या शेतांनी अख्खी तूर आणून त्यावर निजवली. डांबर बोटभरसुद्धा दिसत नव्हतं.

थंडीचे दिवस. रात्री थंडी, दुपारी ऊन. कडक थर फुटायचा तर ह्याच दिवसांत. अण्णा कडेनं येरझाऱ्या घालायला लागले.

"आक्का, एवढी कड उचला की जरा. रस्ता बघायचाय."

"कामून? रस्ता कुटं पळून चाललाय?"

"फुटलाय का बघतो."

"वरून लॉरी जायलीय की. फुटला असता तर खाली गेली असती."

अण्णांनी तुरीवर एक पाय ठेवला. आक्का किंचाळली, "ए बाबा, बूट काढ! धान्य हाय ते!"

"अवो, त्याच्यावरून लॉरी जायलीय की!"

"लॉरी मळायलीय. तू काय करायलास?"

अण्णांनी पाय मागं घेतला. मग ते काठीनं तुरीची टोकं उचलून खाली डोकवायला लागले, तर गावभर झालं की पँटशर्टातला एक चोर तुरीवर टपलाय. त्यांनी जेवण कमी केलं. हणमंतप्पानं खिळ्यानं त्यांच्या पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं, मग आणखी एक. ते मुडबीच्या बसनं उगाच जाऊन उगाच परत यायचे. खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाचा आवाज ऐकायचे. कंडक्टर म्हणायचा, "काका, डोकं आत घ्या." ते आत घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून काढायचे.

"अण्णा, दिसंना तर सोडा की," मी म्हणालो.

"दिसत न्हाई म्हणूनच की रे," ते म्हणाले. "दिसली असती तर एक भेग दिसली असती. आता मला सगळीकडं दिसायलीय."

शेवटी तूर उचलली. बायकांनी केरसुण्या घेऊन रस्ता झाडला. एक एक दाणा गोळा करायचा, म्हणून असा झाडला की घरची जमीन लाजावी. अण्णा आणि मी मागं मागं चालत होतो. रस्ता काळाभोर, साबूत. अण्णांच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मला दिसत होतं. ओढ्यापाशी वळण आलं, आणि तिथं भागिरथीआक्का वाकून उभी होती.

"एवढं दाणं निघंनात बगा."

रस्त्यावर एका ओळीत तुरीचे दाणे होते. एका कडेपासून मधल्या अंगापर्यंत, दोरीत ओवल्यासारखे. आक्कानं केसातला काटा काढला आणि एकेक दाणा टोकरून ओच्यात टाकायला लागली. ओळीचे दाणे निघाले, खाली भेग राहिली.

अण्णा डोंगर माणूस, पण कडेच्या दगडावर असा बसला की दगडाला कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याचे साहेब रस्ता बघायला येणार होते. मी हलक्या आवाजात म्हणालो, "अण्णा, वाटीभर डांबर, मूठभर बारीक कच. वरून धूळ. ब्रह्मदेवाला दिसणार न्हाई."

"बुजवली तर ती वाढली का न्हाई, हे मला कळणार कसं?"

मी त्यांना नोकरीचं सांगत होतो, ते मला भेगेचं सांगत होते. त्यांनी चुन्याची डबी मागवली आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या खुणा केल्या. म्हणजे लपायची होती ती आता लांबूनही दिसायला लागली.

तिथून प्लांटवर आले आणि ढिगापुढं उभे राहिले. लोडरच्या ड्रायव्हरला हाक मारली.

"ते वळण केलं त्या दिवशी माल कुठून उचललास रे?"

"मागून."

"आन् बाकीच्या दिवशी?"

"आधी वरचा उचलला, सगळा मिसळलेला. तो संपला, मग मागून खायला लागलो."

"पुढून कामून न्हाई?"

ड्रायव्हरनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं अण्णाच खुळे झालेत. "पुढं देव हाय की साहेब. देवाच्या अंगाला लोडर लावू व्हय?"

अण्णांचा चेहरा मी तेव्हा बघितला, तसा पुन्हा बघायची इच्छा नाही. मागं होता हायवेचा माल, सगळ्यात म्हातारा, सगळ्यात कडक. आणि अण्णा रोज तपासायला घेत होते तो पुढचा, देवाच्या पायाजवळचा, मऊ. ठोकळे एका मालाचे पाडले आणि रस्त्यात दुसरा गेला. हणमंतप्पा हात चोळत म्हणाला, "साहेब, म्या तर चोरासाठी ठिवला होता." अण्णा त्याला रागावले नाहीत. ते एकच विचारत होते, स्वतःलाच, "मग मागचा माल आणखी कुठं कुठं गेला?"

साहेब आले. रस्ता बघून खुश झाले. पारावर चहा झाला, आता गाडीत बसणार, तेवढ्यात अण्णांनी घसा खाकरला. मी त्यांच्या पायावर उभा राहिलो. माझं अख्खं वजन दिलं, त्यांना कळलंही नाही.

"साहेब, वळणावर भेग हाय."

मालकांनी डोळे मिटले. साहेब वळणापर्यंत चालत गेले. अण्णांनी ढीग, देव, लोडर, ठोकळे, सगळं सांगितलं. साहेबांना देवापाशी हसू आलं, पण भेगेपाशी आलं नाही. म्हणाले, "हे वळण कापून परत करा. बाकीच्याचं आज सांगत नाही. माती पावसात फुगू दे, उन्हात बसू दे. मग येतो. तेव्हा आणखी भेगा दिसल्या, तर सगळं काढायला लावीन." मालक अण्णांकडं बघून म्हणाले, "ऐकलंस?" म्हणजे नोकरीसुद्धा तेवढ्याच मुदतीवर होती.

हणमंतप्पानं नारळ फोडून दगड गेटपाशी लिंबाखाली नेऊन बसवला, आणि अण्णांनी अख्खा ढीग पुढून मागून उलटापालटा करून मिसळून घेतला. वळण नव्यानं झालं. मग मालकांनी त्यांना कलबुर्गीकडच्या कामावर पाठवलं. तिथून त्यांचे फोन सुरू झाले.

"मुडबीचा रस्ता कसा हाय?"

"मस्त हाय अण्णा."

"फोटो पाठव."

पाठवायचो. "जवळून काढ." जवळून काढायचो. "आणखी जवळून." एकदा कंटाळून मी आमच्या म्हशीच्या पाठीचा फोटो पाठवला. थोड्या वेळानं फोन आला, "हा कुठला तुकडा? लई खरखरीत दिसायलाय."

पावसाळ्यात ओढा रस्त्याला लागून वाहिला. अण्णा तेव्हा आजारी पडले. ओढा उतरला, अण्णा उठले. पुन्हा तूर पिकली, पुन्हा रस्त्यावर निजली, पुन्हा झाडून नेली. शिमगा झाल्यावर साहेब येऊन गेले. सगळा रस्ता पायी बघितला, एकही भेग नव्हती. रस्ता पास झाला. मालकांनी पुढच्या कामावर जुन्या मालासाठी अण्णांचंच नाव घातलं. मी फोन करून सांगितलं. पलीकडून म्हणाले, "वळणापर्यंत गेले होते का साहेब? उन्हात बघितला का सावलीत?"

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी मोटारसायकलवरून मुडबीकडं चाललो होतो. उन्हं तापली होती. दोन्ही अंगाची रानं रिकामी, आणि काळी माती अशी उललेली, की एका भेगेत माझी चप्पल गेली ती अजून वर आलेली नाही. पुढं ओढ्यापाशी लॉऱ्यांची रांग लागलेली. दोन्हीकडून. हॉर्न बोंबलताहेत. मी कडेनं गाडी काढत पुढं गेलो.

रस्त्याच्या मधोमध दिगंबरअण्णा पालथे पडले होते. गाल डांबराला लावलेला, एक डोळा मिटलेला, दुसऱ्यानं रस्त्याच्या पाठीवरून लांबवर बघताहेत.

पुढच्या लॉरीचा ड्रायव्हर खाली उतरला होता. "ॲक्सिडेंट झाला काय? गेला का माणूस?"

"न्हाई," मी म्हणालो. "जित्ता हाय."

रानातल्या भेगा रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या. कलबुर्गीहून आलेले अण्णा एकेका भेगेचं तोंड बोटानं धरून रस्त्यावर यायचे, आणि बोट गुळगुळीत डांबरावरून नुसतं घसरत जायचं. भेग कडेलाच थांबलेली. ते परत मागं जायचे, परत बोट फिरवायचे. ड्रायव्हर जवळ गेला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला. त्याचाही आवाज आपोआप खाली आला.

"काका, काय हरवलंय?"

"भेग," अण्णा डोकं न उचलता म्हणाले. "घावंना झालीय."

मग ते उठले. मला बघितलं नाही, कुणालाच बघितलं नाही. चार पावलं पुढं गेले आणि पुन्हा पालथे पडले. ड्रायव्हरनं लॉरीत चढून हॉर्नला हात न लावता तेवढीच गाडी पुढं घेतली. त्याच्यामागच्यानं त्याच्यामागं.

वळण संपेपर्यंत ते तसेच उठत आणि पडत राहिले, आणि लॉऱ्या त्यांच्यामागून हळूहळू सरकत राहिल्या.